रिकामा राहिलेला पट्टा

बंगळूरमध्ये, जयनगरच्या एका मुलींच्या शाळेत वसुमती एकोणीस वर्षं पी.टी. शिकवत होती. रविवारी मात्र तिला वेगळ्याच कामाचं बोलावणं यायचं. पांढरा शर्ट, काळी पँट, गळ्यात काळा बो अशा वेशात ती रिंगच्या कडेला उंच स्टुलावर बसायची आणि व्यावसायिक बॉक्सिंगच्या लढतींना गुण द्यायची. कॉलेजात ती स्वतः दोन वर्षं खेळली होती. नाक मोडलं तेव्हा वडिलांनी तिचे ग्लोव्ह्ज उचलून माळ्यावर टाकले. तिने वाद घातला नाही, जज्जच्या परीक्षेला बसली.

नवऱ्याला, रघुपतीला, या सगळ्याची गंमत वाटायची.

"आज कुठला पट्टा गं?" त्या रविवारी त्याने कॉफी पिता पिता विचारलं.

"दक्षिण आशिया. सत्तावन्न किलो वजनगट."

"मागच्या महिन्यात आशिया-पॅसिफिक झाला, त्याआधी कुठलासा युवा-खंडीय. गल्लोगल्ली विजेते झाले. हरणारी माणसं राहतात तरी कुठे?"

वसुमती हसली, कारण तिच्याही मनात हेच यायचं. जगात बॉक्सिंगच्या संघटना बऱ्याच, आणि प्रत्येकीचे मोठ्या पट्ट्याखाली आणखी दहा छोटे पट्टे. आयोजकाला पोस्टरवर छापायला काहीतरी हवं असतं, तो कुठल्या तरी दूरच्या कार्यालयाला पत्र लिहितो आणि सोनेरी मुलाम्याची पितळी पाटी लावलेला चामडी पट्टा पेटीत घालून येतो. त्याचं कौतुक तिला कधी वाटलं नव्हतं. तिचं काम दहा फेऱ्या नीट बघण्याचं.

या पट्ट्याचा जुना विजेता निवृत्त झाल्यामुळे तो रिकामा होता. त्यासाठी लढणार होते दोघे. एक होसकोटेचा कार्तिक, चोवीस वर्षांचा, कारखान्यात पाळीवर काम करणारा. नऊ लढती खेळून नऊही जिंकलेला. दुसरा ऐझॉलहून आलेला रेमा. त्याच्यासोबत एक कोच, बाकी कोणी नाही.

आयोजक हयवदन दारातच भेटले. "अक्का, होसकोटेहून चार बस भरून माणसं आलीत," ते कन्नडमध्ये हसत म्हणाले. "पट्टा आपल्याच गावात राहायला हवा, सरी ना, बरोबर ना?"

"जिंकला तर राहील," वसुमती म्हणाली आणि आपल्या स्टुलाकडे गेली.

लढत सुरू झाली आणि हॉल दणाणून गेला. कार्तिक सारखा पुढे जात होता, ठोशांवर ठोसे मारत होता, आणि प्रत्येक ठोशाला लोक ओरडत होते. पण वसुमती ज्या बाजूला बसली होती तिथून तिला दिसत होतं, की त्यातले बरेचसे रेमाच्या दंडांवर आणि ग्लोव्ह्जवर विरत होते. रेमा मागे सरकायचा आणि मध्येच डाव्या हाताचा एकच सरळ ठोसा कार्तिकच्या तोंडावर ठेवून जायचा. त्याला टाळ्या पडत नव्हत्या. प्रत्येक फेरी संपली की वसुमती चिठ्ठीवर आकडे लिहून, फेरी जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला नऊ, रेफरीच्या हातात देत होती.

शेवटी निवेदकाने जज्जांची नावं घेऊन गुण वाचले. पहिल्या जज्जने कार्तिकला जिंकवलं होतं, शहाण्णव-चौऱ्याण्णव. दुसऱ्याचे पंच्याण्णव-पंच्याण्णव. तिसरी वसुमती, तिचे शहाण्णव-चौऱ्याण्णव, रेमाच्या बाजूने. लढत बरोबरीत सुटली होती. पट्टा कुणालाच नाही.

पट्टा बांधायला बोलावलेले पाहुणे तो दोन्ही हातांवर घेऊन रिंगमध्ये नुसतेच उभे राहिले. मग कुणीतरी तो हळूच काढून घेतला आणि पेटीत ठेवला. प्रेक्षकांतून पाण्याच्या बाटल्या आल्या. एक वसुमतीच्या खांद्याला लागली.

"दोन फेऱ्या इकडे टाकल्या असत्या तर काय बिघडलं असतं, अक्का?" हयवदन जाताना म्हणाले. या वेळी ते हसत नव्हते.

त्यानंतर चार महिने तिला एकाही लढतीचं बोलावणं आलं नाही. रविवार मोकळे जाऊ लागले. ज्या पट्ट्याला आपण मनातून कवडीची किंमत देत नव्हतो, त्याच्यापायी आवडीचं काम गेलं, याचा तिला राग यायचा आणि नवलही वाटायचं.

एका दुपारी शाळा सुटताना शिपाई म्हणाला, कुणीतरी भेटायला आलंय. फाटकापाशी कार्तिक उभा होता, कारखान्याच्या निळ्या शर्टात.

"अक्का, तुम्ही त्याला सहा फेऱ्या दिल्यात," तो मराठीत म्हणाला. त्याचंही घर तिच्यासारखंच मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इकडे राहिलेलं. "कुठल्या सहा?"

"भांडायला आलायस?"

"नाही. सगळे म्हणतात तुला फसवलं. पण कसं, ते कुणी सांगत नाही. म्हणून म्हटलं, तुम्हालाच विचारावं."

तिने त्याला खेळाच्या सामानाच्या खोलीत बसवलं. त्याने मोबाईलवर लढत लावली.

"आधी आवाज बंद कर," ती म्हणाली.

आवाज गेला आणि लढतच बदलली. चौथ्या फेरीत दोघांचे नीट लागलेले ठोसे तिने त्याला मोजायला लावले. त्याचे पाच भरले, रेमाचे अकरा.

"पण पुढे तर मी जात होतो!"

"पुढे जाण्याचे गुण नसतात रे. लागण्याचे असतात."

पाचवी फेरी त्याने वाद न घालता मान्य केली. नवव्या फेरीला मात्र अडून बसला, ही माझीच म्हणाला. वसुमतीने ती फेरी तीनदा पाहिली. कार्तिकचे दोन ठोसे रेमाच्या बरगडीत स्वच्छ लागले होते आणि तिच्या स्टुलावरून तेव्हा रेफरीची पाठ आड आली होती.

"ही तुझी होती," ती म्हणाली. "मी चुकले. तरी निकाल बरोबरीचाच राहिला असता, पण चुकले हे खरं."

कार्तिकने मोबाईल खाली ठेवला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "असले पट्टे पन्नास आहेत. हाच कशाला हवा तुला?"

"तो मिळाला की त्या संघटनेच्या यादीत नाव लागतं, अक्का. मग मनिलाचा, बँकॉकचा माणूस माझ्याशी लढायला तयार होतो. आता फोन केला तर विचारतात, तू कोण?" मग जरा थांबून म्हणाला, "आणि नऊ लढती जिंकलो, पण घरी दाखवायला काही नाही. आमच्यात कप मिळत नाही, सर्टिफिकेट मिळत नाही. अप्पा विचारतात, तू नक्की काय जिंकतोस?"

निघताना तिने त्याला सांगितलं, "तुझ्या लढतीला यापुढे मी जज्ज म्हणून बसणार नाही. तुझ्याशी इतकं बोलले, आता ते बरोबर दिसणार नाही." त्याच आठवड्यात तिने तसं संघटनेला कळवलंही.

फेब्रुवारीत दोघांची पुन्हा लढत झाली, त्याच हॉलमध्ये. या वेळी वसुमती तिकीट काढून रघुपतीबरोबर प्रेक्षकांत बसली. कार्तिक धावत सुटला नाही. थांबत होता, रेमाचा डावा हात चुकवत होता आणि मगच आत शिरत होता. तिन्ही जज्जांनी त्यालाच कौल दिला. रेमाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि कोचबरोबर खाली उतरला. पट्टा बांधायला कार्तिकने आपल्या अप्पांना वर बोलावलं. त्यांना बक्कल काही लागेना. ते खाली वाकून खटपट करत राहिले, दोन्ही हात वर धरून कार्तिक हसत राहिला. रघुपती उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि वसुमतीचे डोळे भरून आले होते.

गर्दीतून वाट काढत हयवदन तिच्याकडे आले. जरा अवघडलेलेच होते.

"जूनमध्ये बायकांच्या पट्ट्याची लढत ठेवतोय. इंफाळची मुलगी येतेय. तिच्या कोचने सगळ्यात आधी विचारलं, जज्ज कोण? मी नावं सांगितली, त्यांत तुमचं नव्हतं, तर म्हणाला, मागच्या वेळी बंगळूरमध्ये रेमाला सहा फेऱ्या देणाऱ्या बाई असतील तर येतो."

"त्यातली एक चुकीची दिली होती," वसुमती म्हणाली.

"ते त्याला सांगू नका," हयवदन म्हणाले, आणि मग दोघंही हसले.

एप्रिलमध्ये संघटनेची नवी यादी लागली. सत्तावन्न किलोत कार्तिक चौदावा होता. सकाळच्या पहिल्या तासाला वसुमतीच्या मोबाईलवर त्याने यादीचा फोटो पाठवला, आपल्या नावाभोवती लाल गोल काढून. खाली लिहिलं होतं, मनिलाहून फोन आलाय. सहावीच्या मुली मैदानात रांग लावून तिच्या शिट्टीची वाट बघत होत्या. तिने तो निरोप दोनदा वाचला आणि उत्तर लिहिलं, "डावा हात वर ठेव." मग जज्जने कुणाला सल्ला द्यायचा नसतो हे तिला आठवलं, पण निरोप तोवर जाऊन पोचला होता.