दाराबाहेर बसलेली आत्या

आत्याला वर्गाबाहेरच्या बाकावर बसवलं होतं, दाराकडे पाठ करून. पाठ करूनच बसायचं, हे थेरपीच्या मॅडमनी बजावून सांगितलं होतं. नाहीतर आत्याचा भरवसा नव्हता. दार बंद होतं, पण तिचे कान दाराला चिकटलेले. आत तिची भाची, बिट्टी, आज पहिल्यांदाच अख्खा तास तिच्याविना बसली होती.

या तासावर बरंच काही लटकलेलं होतं. मोठ्या बाईंनी घरच्यांना बोलावून अगदी गोड शब्दांत सांगितलं होतं, की पुढच्या वर्गात नातेवाईक चालणार नाहीत. मुलगी एकटी बसली तर ठीक, नाहीतर दुसरी शाळा बघा. आणि शाळा बघून बघून तर घरच्यांच्या चपला झिजल्या होत्या. कुणी म्हणे जागा नाही, कुणी म्हणे सोय नाही, आणि एकीने तर बिट्टीला धड न बघताच "लाडावलीय" म्हणून निदान करून टाकलं होतं.

आत्या मूळची शिवणकाम करणारी. गणवेश शिवायच्या कारखान्यात कॉलर लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवरा गेला, ती भावाकडे आली. पुढे बिट्टीला ऑटिझम आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा वहिनीची नोकरी सुटू नये म्हणून आत्यानेच काम सोडलं. "मला काय, तिथेही बसायचं, इथेही बसायचं," ती म्हणाली. झालं. तेव्हापासून बिट्टीच्या बाकाशेजारी आत्याची खुर्ची. वर्गातली पोरंसुद्धा तिला आत्याच म्हणायची आणि पेन्सिलींना टोक काढून मागायची.

बिट्टी शिकलीही. बाई म्हणाल्या वह्या काढा, की वही काढायची. रांग करा म्हटलं की उभी राहायची. तोंडाने फारसं बोलत नाही, पण ऐकते सगळं, असं आत्या चारचौघांत मान ताठ करून सांगे. मग एकदा मॅडमनी वर्गात मोबाइलवर चित्रण केलं आणि आत्याला शेजारी बसवून दाखवलं.

"बाईंनी वही म्हटल्यावर बिट्टी कुठे बघतेय?"

बिट्टी बाईंकडे बघतच नव्हती. ती आत्याकडे बघत होती. आणि आत्या, बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत, चष्मा वर सारून दप्तराकडे हनुवटी उडवत होती. रांगेच्या वेळी गुडघ्यावर थाप. डबा बंद करायच्या वेळी नाक ओढणं. दर वेळी.

"अगं बाई! हे मी करते?" आत्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"सगळेच करतात हो. पण ती तुमचा चष्मा वाचायला शिकलीय, बाईंचं बोलणं नाही."

संध्याकाळी हे ऐकून वहिनी हसून हसून बेजार झाली. "वन्सं, तुम्ही तर ट्रॅफिक पोलीस निघालात!" मग हसता हसता तिचेच डोळे भरले आणि ती गॅसकडे वळून उगाच भाजी ढवळत राहिली.

त्यानंतर खुर्ची हळूहळू मागे सरकली. आधी भिंतीपाशी, मग दाराशी, आणि आज हा बाहेरचा बाक.

"वह्या काढा," आतून बाईंचा आवाज आला. दप्तरांच्या चेनी सरसरल्या. आत्याचे हात शिवशिवायला लागले, म्हणून तिने ते मांडीखाली दाबून धरले. देवा, तिला एवढी वही काढू दे. मग तिला वाटलं, देवाकडे मागून मागून काय मागतेय मी, वही! पण मागणं काही तिने मागे घेतलं नाही.

आणि मग ते सुरू झालं. "ऊंऽऽ." तोंड मिटून काढलेला, बारीक, वर चढत जाणारा सूर. आत्याला तो चांगला ठाऊक होता. याच्यापुढे कान दाबणं, त्याच्यापुढे बाकाखाली शिरणं. एकदा ती बाकाखाली गेली, की अख्खा वर्ग माना वळवणार आणि मोठ्या बाईंपर्यंत बातमी जाणार. बाईंनी हाक मारल्याशिवाय आत जायचं नाही, असं ठरलेलं. बाई हाक मारीनात. सूर चढतच होता. कुणीतरी खिदळलं.

आत्या उठली. दाराला वरच्या बाजूला काचेची पट्टी होती. टाचा उंचावून तिने डोळा लावला.

बिट्टीची वही दप्तरातच होती. ती आत्याच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. मग तिने कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली चित्रांची कार्डं चाचपली. ही मॅडमनीच दिलेली: एकावर पाणी, एकावर संडास, आणि एकावर कान झाकलेली मुलगी, म्हणजे मला जरा बाहेर जाऊ द्या. आजवर ते कार्ड तिने आत्याशिवाय कुणाच्या हातात दिलं नव्हतं. आता ते घेऊन ती बाकांमधून चालत बाईंपाशी गेली. बाई फळ्याकडे तोंड करून लिहीत होत्या. बिट्टीने कार्ड पुढे धरलं. बाईंना पत्ताच नाही.

"बाई, मागे बघा हो," आत्या काचेशी पुटपुटली. तिचा हात दाराच्या कडीवर होता. नुसतं ढकललं की झालं. बाईंना सांगायचं, पोर सुटेल. आणि उद्यापासून खुर्ची पुन्हा आत.

बिट्टीचा कार्ड धरलेला हात खाली आला.

मग बिट्टीने दुसऱ्या हाताने बाईंचा कोपर धरला आणि ओढला. चांगलाच ओढला, फळ्यावर खडूची रेघ तिरपी धावली. बाई चिडून वळल्या, कार्ड बघितलं आणि म्हणाल्या, "बरं. जा."

आत्याला बाक गाठायला जेमतेम वेळ मिळाला. बिट्टी बाहेर आली, तिच्याजवळून गेली आणि व्हरांड्याच्या टोकाला तिच्यासाठी ठेवलेल्या चटईवर बसली. तिथले मोठे हेडफोन कानांवर चढवून डुलायला लागली. आत्याने मान वळवली नाही. डोळे वळले, त्यांना ती काय करणार? थोड्या वेळाने सूर थांबला आणि बिट्टी आपली आपण वर्गात गेली.

सुट्टीत मॅडम आल्या. आत्याने घडलेलं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "वही काढलीच नाही हो तिने. मोठ्या बाई काय म्हणतील?"

"ते मला नाही सांगता येणार. पण तिने मागितलं, आणि तुमच्याकडे नाही मागितलं. उद्या तुम्ही खाली फाटकाशी बसा."

"फाटकाशी? तिथून तर काहीच ऐकू येत नाही!"

"हो," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बिट्टीला वर्गात सोडून आत्या जिना उतरून फाटकाशी गेली. बसायला एक दगडी कट्टा होता, तापलेला. ती तिथे टेकली आणि वर बघायला लागली. सगळ्या खिडक्या सारख्याच दिसत होत्या. त्यातली बिट्टीची कोणती, हे घंटा होईपर्यंत तिला काही ठरवता आलं नाही.