गाठ कुठे आहे

"मावशी, पाया पडा साहेबांच्या. तुमच्याच तालुक्याचे आमदार आहेत," मॅडम म्हणाल्या. माझ्या एका हातात पुरणपोळ्यांचं ताट होतं. दुसरा हात गाठीमुळे नीट वर जात नव्हता. मी ताट ठेवलं, वाकले, पाया पडले. माणूस माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने पाय मागे घेतले नाहीत.

ही गोष्ट कतारमधली, दोहाची. तिथले टॉवर अजून उभे राहायचे होते तेव्हाची. नवरा गेल्यावर मी तिथल्या अबू हमूर भागात पुण्याच्या एका इंजिनियरच्या घरी स्वयंपाकाला लागले. चौथी शिकलेली बाई, दुसरं काय करणार. माझा पासपोर्ट सरांच्या कपाटात. घरात सगळ्यांना हेल्थ कार्ड, मला नाही. ते सरांनीच काढून द्यायचं असतं, आणि त्याच्याशिवाय सरकारी हॉस्पिटलात कोणी विचारत नाही. गाठ मी मॅडमना दाखवली होती. "सुट्टीत गावी गेलात की बघा," म्हणाल्या. सुट्टी पुढच्या वर्षी होती. गाठ थांबणार नव्हती.

आमदार तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला आला होता. शुक्रवारी दुपारी आमच्याकडे जेवायला. सरांनी विचारलं, "ते सगळ्यांच्या आरोग्य विम्याचं विधेयक परत येतंय म्हणे?"

"येऊ दे की. मागच्या वेळी आम्हीच अडवलं. अहो, या लोकांना विमा दिला तर शिंक आली तरी दवाखान्यात जाऊन झोपतील."

सगळे हसले. मी त्याच्या पोळीवर तूप वाढत होते. या लोकांना, म्हणजे मला. याला मी मत दिलं होतं. दारात हात जोडून उभा होता. ताई म्हणाला होता.

तोंडातून निघून गेलं. "साहेब, माझा नवरा दवाखान्याच्या पायरीवर गेला. पैसे नव्हते म्हणून आत घेतलं नाही. आता मला गाठ आहे. आम्ही जायचं कुठे?"

"गाठ? कुठे आहे?"

मी पदर सावरला. मॅडमच हसत बोलल्या, "छातीत आहे म्हणे. काम वाढलं की दुखते."

टेबलावरच्या पुरुषांनी माझ्या छातीकडे पाहिलं. आमदाराने पोळीचा घास मोडला. "मावशी, तुम्ही इथे कतारला. तुमचं मत काही आता तिकडे पडत नाही. पोळी मात्र झकास."

मी आत गेले. सिंकखाली बसले, पदर तोंडात कोंबला. मरून जावं वाटलं. मग वाटलं, मेले तर हाच दारात येईल. मान खाली घालून उभा राहील. फोटो काढून घेईल.

"यल्ला, चला मावशी, साहेब निघाले. पाया पडा," मॅडमनी हाक मारली.

तो बूट घालून उभा होता. पाय जरा पुढेच. मी वाकले नाही.

"मी याच्या आईच्या वयाची आहे," म्हटलं. "पडायचं तर याने पडावं."

सर ओरडले. मॅडमचं 'मावशी', 'तुम्ही', सगळं गळून पडलं. "खलास. हिचं तिकीट काढा."

"काढा. पासपोर्ट द्या."

पासपोर्ट सरांनी विमानतळावर हातात ठेवला. गावी आले. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. मी केला म्हणे. एका बाजूची छाती काढली. आता दुखणं हाडात उतरलंय. विधेयक पुन्हा अडवलं. पेपरात अक्षरं लावत लावत वाचलं.

निवडणूक आलीय. तो दारात येणार, सोबत माणसं असणार. मी खाटेवरून उठून उंबऱ्यावर बसणार आहे. त्याने विचारलं होतं, गाठ कुठे आहे. तेव्हा मी लाजले. आता सगळ्यांसमोर पदर बाजूला करणार. तिथे काही नाही, नुसता व्रण आहे. बघ म्हणणार. खाली बघू देणार नाही.

मग मत टाकायला जाईन. उचलून नेलं तरी जाईन. माझं मत आता इकडेच पडतं.