निवाडा मोडणारी साक्ष

आमच्या तालुक्याच्या गावी कापसाचं एक जिनिंग होतं. महाराष्ट्र झाला त्या सुमारास तिथं इंजिनाचं तेलपाणी बघणाऱ्या माणसाला मालकानं कामावरून काढलं. कापसाच्या ढिगाला आग लागली होती आणि त्यानं तिथं बिडी ओढली, असा मुकादमाचा आरोप होता. तो माझा शेजारी. मी शाळेत मास्तर, कायद्याची एक-दोन पुस्तकं चाळलेला, म्हणून तो माझ्याकडं आला. कोर्टात वर्षं घालवण्यापेक्षा दोघांना चालेल असा लवाद नेमावा, हे मीच दोन्ही बाजूंना पटवलं. करारनामाही मीच लिहिला. त्यामुळं पुढं जे झालं त्याचं ओझं माझ्यावर राहिलं.

लवादाचं नाव मालकानंच सुचवलं. निजामाच्या काळात कोर्टात पेशकार, म्हणजे कागद वाचून दाखवणारे आणि साक्षीदारांना शपथ देणारे कारकून, असलेले एक वृद्ध गृहस्थ होते, सगळं गाव त्यांना चाचा म्हणे. त्यांच्या ओसरीवर दोन्ही बाजूंचं ऐकून झालं. आग लागली तेव्हा आपण कापूस निवडणाऱ्या बाईसमोर भाकरी खात होतो, असं शेजाऱ्याचं म्हणणं. पण बाई रोजंदारीवरची. मालकाच्या भीतीनं ती यायला तयार होईना. तेव्हा चाचा स्वतःच तिच्या घरी गेले. सोबत मी होतो. ती खरं सांगते अशी त्यांची खात्री पटली आणि त्यांनी निवाडा दिला: याला कामावर परत घ्यावं.

मालकानं तो निवाडा रद्द करायला धाराशिवच्या कोर्टात अर्ज केला. आमच्या वकिलांनी मला समजावलं की कोर्ट सगळी तक्रार नव्यानं ऐकत नाही. लवादाचं चुकलं तरी निवाडा सहसा टिकतो. मात्र एका बाजूच्या माघारी साक्ष घेतली असेल तर टिकत नाही. चाचा त्या बाईकडं गेल्याचं मालकाला ठाऊकच नव्हतं.

चाचांना साक्षीला बोलावणं आलं. येरमाळ्याहून पुढं धाराशिवला जाणाऱ्या एसटीत मी त्यांच्या शेजारी बसलो आणि हळूच म्हणालो, त्या भेटीचं तेवढं बोलू नका, नाहीतर त्याची रोजी जाईल.

चाचा खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, "विचारलं नाही तर सांगणार नाही. विचारलं तर सांगीन. सारी उमर मी लोकांना शपथ देत आलो, मास्तर. आज मला घ्यायचीय."

कोर्टात जज्जसाहेबांनी त्यांना बसायला खुर्ची देवविली. मालकाचे वकील पुन्हा बिडीवर आले, तसे जज्जसाहेब म्हणाले, "मी इथं अपील ऐकायला बसलेलो नाही. तुम्हीच निवडलेल्या माणसाचा निवाडा तुम्हाला पटला नाही, एवढ्यावर तो मोडत नाही."

मला वाटलं, सुटलो. वकील बसायच्या बेतात होते. बसता बसता त्यांनी विचारलं, दोघांसमोर जे झालं त्याखेरीज आणखी कुणाला काही विचारलं होतं का?

"होय," चाचा म्हणाले, आणि सगळं सांगितलं. "मालकांना कळवायला पाहिजे होतं. बाई घाबरली होती, म्हणून तसाच गेलो. चूक माझी आहे."

बाकावर माझ्याजवळ बसलेल्या शेजाऱ्यानं मान खाली घातली.

निवाडा टिकला नाही. फेरविचार याच लवादाकडं पाठवायचा की दुसरा नेमायचा, असं जज्जसाहेबांनी विचारलं. मालकाचे वकील दुसरा मागायला उठले, तोच मालकानं मागून त्यांचा कोट ओढला.

"हेच राहू द्या," तो उभा राहून म्हणाला. "यांच्यापुढं मला भीती न्हाय."

पुन्हा बैठक व्हायला काही महिने गेले. तोवर माझा शेजारी विहिरीच्या कामावर दगड फोडत होता. या खेपेला चाचांनी आधी मालकाकडून सगळ्यांसमक्ष वदवून घेतलं, की बाई काहीही बोलली तरी तिचं काम जाणार नाही. मग ती पदर सारखा करून म्हणाली, "माझ्याम्होरं बसून भाकरी खात हुता. चटणी म्याच दिली. मुकादम तवा कुठं हुता, ते त्येलाच इचारा की."

मुकादम उठून चपला शोधायला लागला. मालकानं निवाड्याची वाट न बघता शेजाऱ्याला सांगितलं, उद्यापासून ये.

तो कामावर गेल्यावर एकदा मी त्याला एसटीतलं माझं बोलणं सांगून टाकलं. ते मला सलत होतं. तो हातावरचं तेल पुसत म्हणाला, "मास्तर, म्या मागच्या बाकड्यावरच हुतो की. सगळं ऐकलं. मला बी त्येच म्हणायचं हुतं, तुमी बोललात म्हणून गप बसलो."

हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. पण त्याची रोजी पणाला लागली होती. माझं तर काहीच लागलं नव्हतं.