सतरंजीवरची जागा

आफ्रिकेत मिशनच्या दवाखान्यात स्वयंपाक करायला गेले होते, ती नऊ वर्षांनी केजजवळच्या आमच्या गावी परत आले. पहिल्या रविवारी चर्चमध्ये पाळकांनी माझ्यासाठी पुढे खुर्ची मांडली होती. बाकी सगळे खाली सतरंजीवर. ज्या बायांबरोबर मी खुरपायला जात होते, त्याच हात जोडून "बऱ्या आहात का" विचारू लागल्या. आता या मला जन्मभर पाहुणी करून ठेवतात की काय, अशी धास्ती वाटली. पाहुणीशी कोणी भांडत नाही.

खुर्चीकडे निघाले, तर थोरली जाऊ मागून म्हणाली, "चपला काढ की. सतरंजी कालच धुतली मी. तिकडं देवाच्या घरात अशीच शिरत होतीस व्हय?"

तिकडे बाकं होती, चपला कोणी काढत नसे. मला तीच सवय लागली होती. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हणाली, "लई शिकून आली बाई."

चपला दाराबाहेर काढून मी जावेपाशी गेले. "सरका जाऊबाई." ती सरकली. पाळक अजून खुर्ची दाखवत होते. मी म्हणाले, "भक्ती सुरू करा, उशीर झालाय."