बाबांच्या नदीचा उजेड

बाबा पार पश्चिमेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी एका जुन्या पॉवरहाऊसवर कामाला होते, आणि आम्ही मायलेकी इथे नागपुरात, महाल भागातल्या भाड्याच्या खोलीत. आईला अक्षरओळख नव्हती. पत्रं मीच वाचायची, तिची उत्तरंही मीच लिहायची. मी तेव्हा मराठी चौथीत, आणि बरीच शिष्ट.

पत्रात सगळी नदी असायची. घाटावर भिंत घालून पाणी अडवलंय, ते जाडजूड नळांतून डोंगर उतरतं, खाली चाकावर आदळतं. चाक फिरलं की वीज होते आणि तारांवरून लोकांच्या घरी जाते. पाणी पुन्हा नदीला मिळतं. आईला याचं फार नवल. "म्हंजे पानी खर्चच नाही होत?" ती दर वेळी विचारायची.

शेवटच्या दोन-चार ओळी फक्त आईसाठी असत. त्या दिसल्या की माझे कान तापायचे. आईबापांचं असलं काही मोठ्यानं कसं वाचायचं? मी थेट "चि. मुलीस आशीर्वाद"वर उडी मारायची.

त्याच सुमारास घरमालकांनी आमच्या खोलीत बल्ब लावून दिला. हा उजेड बाबांच्याच नदीचा, असं आईनं ठरवूनच टाकलं. संध्याकाळी बल्बला हात जोडायची. तो मंद झाला की तिचा जीव खालीवर व्हायचा. "तुह्या बाबाले बरं नसंन वं," म्हणायची. मला हसू यायचं.

दिवाळीला बाबा आले. आईनं कौतुकानं बल्ब दाखवला.

"अवं, आमची वीज इतक्या दूर कुठची येते? हे तर इथल्याच कोळशाची. लिहिलं होतं ना मी तुले!"

आईनं माझ्याकडे पाहिलं. ती ओळ मी गाळलेल्यांतलीच होती.

चार दिवसांनी ते परत गेले. त्या दुपारी तिनं पत्रांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "वाच. एक अक्षर सोडू नको."

मी वाचलं. 'इथे रात्रंदिवस पाण्याचा आवाज. तुझ्या बांगड्यांचा नाही, म्हणून झोप लागत नाही.' पुढच्या पत्रात, 'तुलाही माझी आठवण येते काय, ते कळव.' त्यापुढच्यात, 'मागे विचारले होते. उत्तर आले नाही.' मग, 'आता विचारणार नाही.'

त्या दुपारची लाज मला अजून वाटते. आईनं डोळे पुसले आणि दौत माझ्याकडे सरकवली.

"लिही," ती म्हणाली. "आठवन येते म्हनावं. रोज येते."