शेवटच्या राक्षसाची परीक्षा

आमच्या घरात कम्प्युटर म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी तो शिकायचा मात्र होता. हैदराबादेत आबिड्सच्या बाजारात जिन्याजिन्यावर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या आणि बाबांच्या ऑफिसात ज्याचं पोर क्लासला जात नव्हतं त्याची मान खाली असायची. म्हणून बाबांनी नांदेडकडच्या आपल्या भाच्याला हैदराबादला आणलं. माझा हा आतेभाऊ, मी त्याला दादा म्हणायचे, बारावी नापास होता. मी सातवीत होते, आणि मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

त्याचं डोकं यंत्रात चालतं का हे तपासायला बाबांनी सुलतान बाजारातून व्हिडिओ गेमचा डबा आणि एक कॅसेट भाड्याने आणली. डबा टीव्हीला जोडतात, कम्प्युटरलाही टीव्हीसारखीच काच असते, म्हणजे एकच की! "शेवटचा राक्षस मारलास तर क्लासला घालतो," बाबा म्हणाले, "नाही तर बेगम बाजारात मिरचीच्या दुकानात बसवतो. पंधरा दिवस देतो." ते अजिबात गंमत करत नव्हते.

गेममध्ये एक मेंढपाळ होता. त्याने शिंग फुंकलं की दगडी दारं उघडायची. पाच गुहांतून पाच दिवे गोळा करायचे, वाटेत तलवारीने वटवाघळं मारायची आणि मग बर्फाच्या किल्ल्यात राक्षसाला गाठायचं. अक्षरं सगळी जपानी, त्यामुळे पडद्यावरचे म्हातारे काय सांगतात ते देवालाच ठाऊक. नकाशे मी काढले, बाबांच्या ऑफिसातल्या रद्दी कागदांच्या पाठीवर. कुठल्या भिंतीमागे वाट आहे, कुठला पूल कोसळतो, सगळं मला पाठ. दादा मी सांगेन तशी बटणं दाबायचा आणि संध्याकाळी बाबा त्याच्या पाठीवर थाप मारायचे.

"मलाही घाला ना क्लासला," एकदा मी म्हटलं.

"तू काय करतीस तिथं जाऊन? कम्प्युटर पोळ्या लाटतो काय?" बाबा म्हणाले. सगळे हसले. दादाही हसला. बाबांचं मी काही वाकडं करू शकत नव्हते, दादाचं करू शकत होते.

झालेला खेळ कॅसेटमध्येच साठून राहायचा. डबा बंद करताना एक बटण दाबून धरावं लागे, नाही तर सगळं पुसलं जाण्याची भीती. पण सुरुवातीच्या पडद्यावर तिसरी एक जपानी ओळ होती. ती निवडली की साठवलेलं मुद्दाम पुसता येतं, हे मला एकटीला कळलं होतं. आधी कॅसेट भाड्याने नेलेल्या कुणाचा तरी खेळ मी तसा पुसून बघितला होता.

चौदाव्या दिवशी दादा किल्ल्याच्या शेवटच्या दाराशी पोचला. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि बाबांसमोर राक्षस मारायचं ठरलं. दुपारी तो केस कापायला गेला. क्लासला जायचं तर नीट दिसलं पाहिजे म्हणे. तो कोपऱ्यावर वळला आणि मी तिसरी ओळ निवडली. मला फार छान वाटलं.

रविवारी बाबांनी शेजारच्यांनाही बोलावलं. पडद्यावर दादाच्या नावाची जागा रिकामी. दादाने डबा तीनदा बंद करून चालू केला, कॅसेट फुंकली, शर्टाला पुसली. मग त्याने मदतीसाठी माझ्याकडे बघितलं.

"काल बंद करताना तू बटण दाबलं नव्हतंस," मी म्हटलं. "मी बघितलं."

त्याने आपल्या अंगठ्याकडे बघितलं. "राहिलं आसंल, मामा. माझंच चुकलं."

"पूरा हौला है तुमारा भांजा," शेजारचे चाचा म्हणाले. हौला म्हणजे खुळा. सोमवारी डबा परत गेला आणि मंगळवारी दादा मिरचीच्या पोत्यांत. संध्याकाळी शिंकत घरी यायचा. मी त्याच्या शिंकांची नक्कल करून आईला हसवायचे.

तीन वर्षांनी क्लासला मी गेले. बाबांना कुणाला तरी पाठवायचंच होतं. पुढे कम्प्युटरवरचीच नोकरी लागली, ऑफिसात इंटरनेट आलं, तेव्हा मी तो गेम शोधला. जपानमध्ये तो मी लहान असतानाच आला होता, वर्षभराने अमेरिकेत इंग्रजीतून. आमच्या हाती पडला तेव्हा तिकडे त्याचा दुसरा भागही जुना झाला होता, आणि भारतात तर तो रीतसर कधी आलाच नाही. खेळणाऱ्यांची एकच तक्रार होती, शेवटचा राक्षस फारच सोपा आहे. दारातून आत जायचं, तीन वार करायचे, संपला.

गेल्या वर्षी दादाच्या मुलीच्या लग्नात तो पंगतीत माझ्याशेजारी बसला आणि व्याह्यांना ही गोष्ट स्वतःवरच हसत सांगू लागला. "तवापासून मशीनला हात लावायचं भ्याव वाटतंय बगा. मोबाइलवर पैशे पाठवायचे तरी पोराला हाक मारतो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू तर त्यातलीच. तो राक्षस कसा होता गं, कधी कळलं का?"

"फार अवघड होता," मी म्हटलं. "तुला जमला नसता."

"मग बरंच झालं," तो म्हणाला. त्याचा चेहरा एकदम हलका झाला, आणि वाढप्याला हाक मारून त्याने माझ्या पानात आणखी जिलबी वाढायला लावली.