मामांचा पिवळा अंगठा
गिटार पुसायचं लिंबाचं तेल हाताला लागलं की मला अंबाडी गावातली मामेभावाची हळद आठवते. हवी तशी, जुन्या घडणीची बेस गिटार महिनोन्‌महिने शोधून मी नुकतीच घेतली होती आणि मांडवात बेंजोवाल्यांबरोबर पहिल्यांदाच वाजवत होतो. "चारच तारा? आन् आवाज तर काय येत न्हाय," असं म्हणून मामा नाचायला गेले आणि नाचता नाचता त्यांच्याच पायात अडकून माझी वायर निघाली. बेंजो, ढोल चालूच होते, तरी बेसचा खालचा घुमणारा ठेका गेल्यानं नाचणाऱ्यांचे पाय अडखळले. "अरं, थांबलास का? नाचाला मजा येत न्हाय!" मामा ओरडले. मी वायर दाखवली. ते ओशाळून हसले, हळदीच्या हातांनी त्यांनी स्वतःच ती गिटारमध्ये खोचली आणि सगळा मांडव पुन्हा उसळला. तिथं उमटलेला त्यांचा पिवळा अंगठा मी अजून पुसलेला नाही.